जन्मण्याआधीच जिंकलेला ससा

रानात सभा भरली आहे. सभापती अर्थातच सिंह. प्रश्न एवढाच, की आपल्यात सगळ्यांत लहान कोण. जो तो उठून आपले वय सांगू लागतो. हरणाचा जन्म मोठ्या दुष्काळाच्या सालचा, म्हणजे तीन वर्षांमागचा. कोल्ह्याच्या जन्माला जेमतेम तीन चांद उलटलेले. माकड अंग खाजवत पुढे येते आणि आपण आत्ताच, या घडीला जन्मल्याचे बिनदिक्कत सांगून टाकते. टाळ्या पडतात. याच्याहून लहान आता कोण असणार? निकाल लागल्यातच जमा असताना झाडावरून कुणीतरी ओरडून सर्वांना सावध करते. आपला जन्म आता व्हायचा आहे, तेव्हा खाली थोडी जागा करून द्यावी, अशी त्याची विनंती. मग फांदी सोडून एक ससा थेट सभेच्या मधोमध येऊन पडतो.

या सशाचे नाव लेउक. सेनेगलमधल्या वोलोफ भाषकांच्या लोककथांचा हा नायक. ही गोष्ट ज्या पुस्तकाच्या आरंभी येते ते ‘ला बेल इस्त्वार द लेउक-ल-लिएव्र’ १९५३ साली पॅरिसच्या आशेत प्रकाशनाने काढले. लेखक दोघे, लेओपोल सेदार सेंगोर आणि अब्दुलाय साजी. पुस्तक ग्रंथालयातल्या कपाटासाठी लिहिलेले नव्हते. ते फ्रेंच आफ्रिकेतल्या प्राथमिक शाळांचे वाचनपुस्तक होते. घरी वोलोफ, सेरेर, पुलार, बांबारा बोलणारी आणि शाळेत फ्रेंच शिकणारी मुले हा त्याचा वाचकवर्ग. वाक्ये आखूड, शब्द मोजके, धड्यामागे शब्दार्थ आणि व्याकरणाचे स्वाध्याय. असल्या पुस्तकाचे रसग्रहण करायला सहसा कुणी बसत नाही, कारण क्रमिक पुस्तकात रस कमी आणि उपयोग जास्त, असे आपण धरून चालतो. लेउकच्या जन्माची ही गोष्ट मात्र त्या समजाला सुरुंग लावते. तिच्यात धडा आणि गंमत वेगळी काढताच येत नाहीत. ससा जिंकतो तो व्याकरणाच्या जोरावर.

प्राण्यांच्या उत्तरांचा क्रम पाहा. हरीण आणि कोल्हा आपला जन्म साध्या भूतकाळात सांगतात. घडून गेलेली गोष्ट, फक्त कोल्ह्याची हरणापेक्षा अलीकडची. माकड त्यांच्या पुढे एक पायरी उतरते. फ्रेंचमध्ये नुकत्याच संपलेल्या क्रियेसाठी वेगळी रचना आहे आणि माकडाला ती ठाऊक आहे. भूतकाळाच्या अगदी काठावर, वर्तमानाला टेकून ते उभे राहते. काळाच्या त्या दिशेने याहून पुढे जाणे शक्य नाही. आणि ससा? तो भूतकाळातच येत नाही. तो नजीकच्या भविष्यकाळात बोलतो. बाकीचे सगळे आपापला जन्म जितका अलीकडे ओढता येईल तितका ओढत होते. जन्म झालेलाच असला पाहिजे अशी अट कुणी घातली नव्हती, हे एकट्या लेउकच्या लक्षात आले. गणितातला शून्याच्या पलीकडे जाण्याचा जो आनंद, तोच इथे.

मराठी वाचकाला यातली आणखी एक खुबी सहज दिसेल. नुकताच झालेला भूतकाळ आणि लगेच येणारा भविष्यकाळ सांगताना फ्रेंच भाषा ‘येणे’ आणि ‘जाणे’ या दोन साध्या क्रियापदांची मदत घेते. नुकतेच जे केले, त्याच्याकडून माणूस ‘येतो’. जे करायचे, त्याच्याकडे तो ‘जातो’. म्हणजे माकड आपल्या जन्माकडून येत आहे आणि ससा आपल्या जन्माकडे निघाला आहे. रोजच्या बोलण्यात झिजून गेलेले हे रूपक गोष्ट पुन्हा जिवंत करते, कारण ससा खरोखरच निघतो. झाडावरून खाली, सगळ्यांच्या देखत. क्रियापदात सांगितलेली हालचाल तो अंगाने करून दाखवतो. पहिलीदुसरीतल्या मुलाला काळ शिकवायची याहून चांगली युक्ती कुठल्याही शिक्षकाला सुचणार नाही. फळ्यावर तीन रकाने आखायची गरजच उरत नाही. हरीण, माकड आणि ससा आठवले की तिन्ही काळ आठवतात.

भाषेची चतुराई एवढ्यावर थांबत नाही. ससा खाली जागा मागतो, आणि या एका मागणीने सभेचे रूपच पालटते. आतापर्यंत जे पंच होते ते आता बाळंतपणाला जमलेल्या सुइणी झाले. जन्माचा दावा तपासायला बसलेल्यांनाच त्याने जन्माचे साक्षीदार करून टाकले. माकडाचे म्हणणे खोटे ठरवता आले असते, कारण ते कुणी पाहिलेले नव्हते. सशाचे म्हणणे खोटे ठरवायचे कसे? ‘जन्म’ तर सर्वांच्या पुढ्यात झाला. पुरावा आधी आणि दावा मागून, अशी नेहमीची रीत. लेउकने दावा आधी केला आणि पुरावा वरून टाकला.

आणि तरीही सभेतला कुणीही खरेच फसत नाही, ही या गोष्टीची सर्वांत नाजूक जागा. प्राणी आधी मान्य करतात की लेउकच सगळ्यांत लहान, कारण तो तर आत्ताच जन्मला. पण त्यांच्या मनात ठसते ते वेगळेच: हा सगळ्यांत हुशार आहे. सिंह उठून जाहीर करतो तोही त्याच्या बुद्धीचा मान. शोधायला निघाले होते लहानाला आणि सापडला शहाणा. पहिला निकाल खोटा, तो सगळ्यांनी हसत मान्य केला. दुसरा खरा, आणि त्याला पुरावा त्या पहिल्या खोट्याचाच. खोटे बोलल्यानेच एखादी गोष्ट खरी ठरावी, अशी रचना नीतिकथेच्या नेहमीच्या चौकटीत बसत नाही. क्रमिक पुस्तकाच्या आरंभी ती ठेवण्याचे धाडस लेखकांनी केले, याबद्दल त्यांना दाद द्यायला हवी. ‘खोटे बोलू नये’ हा धडा या पुस्तकाने निदान पहिल्या दिवशी तरी पुढे ढकलला.

हरणाचे ते दुष्काळाचे साल आणि कोल्ह्याचे चांद मजेसाठी घातलेले नाहीत. खेड्यातले वय असेच सांगितले जाते. आपल्याकडेही बाहत्तरच्या दुष्काळात झालेली माणसे आपले वय तसेच सांगतात. पण फ्रेंच आफ्रिकेतल्या शाळकरी मुलाला या वयाच्या प्रश्नाला आणखी एका अंगाने तोंड द्यावे लागे. सरकारी कागदाला तारीख हवी असे आणि घरच्यांकडे ती नसे. म्हणून त्या काळच्या असंख्य दाखल्यांवर ‘अमुक सालाच्या सुमारास जन्म’ एवढेच लिहिलेले आढळते. सेंगोर यांच्याही दोन जन्मतारखा आहेत: सरकारी नोंदीत ९ ऑक्टोबर १९०६ आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत १५ ऑगस्ट. ज्याच्या दाखल्यावरच ‘सुमारास’ लिहिलेले आहे अशा मुलाने वर्गात ही गोष्ट वाचली असेल, तेव्हा जन्म सिद्ध करण्याचा तो सगळा सोहळा त्याला किती ओळखीचा आणि किती हास्यास्पद वाटला असेल! लेउक आपल्या जन्माचा दाखला मागत बसत नाही. तो जन्माची वेळ स्वतः ठरवतो.

आपल्या परंपरेत या गोष्टीचे एक भावंड आहे, आणि ते नेमके उलट तोंड करून उभे आहे. पाली जातकांतल्या तित्तिर जातकात हत्ती, माकड आणि तित्तिर एका वडाखाली राहतात आणि आपल्यात वडील कोण ते ठरवू पाहतात. हत्तीच्या लहानपणी वडाचा शेंडा त्याच्या पोटाला लागत असे. माकडाने जमिनीवर बसून शेंड्याचे कोंब खाल्लेले. आणि तित्तिराने तर फळ खाऊन जे बी टाकले त्यातूनच वड उगवला. तिथेही तीन पायऱ्या आहेत, पण मागे मागे जाणाऱ्या, आणि जो सर्वांत मागे पोहोचतो तो वडील ठरतो. बाकीचे त्याला वंदन करतात. रचना तीच, चढत जाणारे दावेही तसेच, शेवटी सर्वांत लहान देहाच्या प्राण्याची सरशीही तशीच. फरक दिशेचा. जातककथा वयाचा मान शिकवते, म्हणून झाड बी होईपर्यंत मागे जाते. सशाची गोष्ट उद्याकडे झेप घेते. पश्चिम आफ्रिकेतही वडीलधाऱ्यांचा मान मोठा. अशा समाजात ‘सगळ्यांत लहान’ होण्याची स्पर्धा लावणे हीच मुळात एक खोडी आहे. मुलांसाठीच्या पुस्तकाने ती काढली, हे तर त्याहून मार्मिक.

ही खोडी काढणारे कोण होते, हे ठाऊक असले की गोष्टीची गोडी वाढते. अब्दुलाय साजी रुफिस्कचे, पेशाने शिक्षक. ‘मायमूना’ आणि ‘नीनी’ या कादंबऱ्यांचे लेखक. वर्गातल्या मुलाला कुठले वाक्य पचते आणि कुठले घशात अडकते हे त्यांना रोजच्या अनुभवाने माहीत. सेंगोर जोआल या किनाऱ्यावरच्या गावातल्या सेरेर घराण्यातले. १९३५ साली फ्रान्समधली अध्यापकांसाठीची अत्यंत चुरशीची ‘आग्रेगासिओं’ परीक्षा व्याकरण विषयात उत्तीर्ण होणारे ते पहिले आफ्रिकी. त्यानंतर तूर शहरातल्या शाळेत ते फ्रेंच मुलांना शिकवू लागले. पुस्तक निघाले तेव्हा ते सेनेगलचे प्रतिनिधी म्हणून फ्रेंच संसदेत होते. १९६० साली स्वतंत्र सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९८३ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आले. परक्याची भाषा तिच्या मालकांपेक्षा चोख शिकायची आणि त्याच बळावर त्यांच्या सभेत मधोमध उतरायचे, हा लेउकचा डाव त्यांनी आयुष्यभर खेळलेला होता.

या आधीची वाचनपुस्तके पाहिली तर फरक ठळक होतो. १९१६ सालच्या ‘मूसा ए जी-ग्ला’ या पुस्तकात दोन आफ्रिकी मुले पश्चिम आफ्रिकेची सफर करतात, आणि वाटेत फ्रेंच राजवटीचे उपकार त्यांना सतत दिसत राहतात. पुढे आंद्रे दावेन यांची ‘मामादू ए बिनेता’ ही मालिका आली आणि पिढ्यान्पिढ्या चालली. त्यात गावची घरे आणि गावची माणसे आली. पण फ्रेंच आफ्रिकेतल्या शाळांत मातृभाषेला मज्जाव होता. आपल्या भाषेत बोलताना जो मुलगा सापडे त्याच्या गळ्यात ‘सिंबोल’ म्हणून एखादा लाकडाचा तुकडा किंवा तसलीच काही वस्तू अडकवत. दुसरा कुणी तसा बोलताना पकडला, की ती त्याच्या गळ्यात जाई. आयव्हरी कोस्टच्या बेर्नार दादिए यांच्या ‘क्लिंबिये’ या कादंबरीत त्याचे चित्र आले आहे. वोलोफ शब्द तोंडातून निघाला तर शिक्षा, अशा शाळेच्या पुस्तकात वोलोफ ससा आपल्या वोलोफ नावानिशी येऊन बसतो, हे काही थोडे नाही.

त्या नावांची घडणही पाहण्यासारखी आहे. लेउक-ल-लिएव्र, बूकी-ल-इएन, गाइंदे-ल-लिओं: आधी वोलोफ नाव, मग जोडरेषा, मग त्याच प्राण्याचे फ्रेंच नाव. ससा, तरस आणि सिंह. वाचता वाचता मुलाला शब्दार्थ मिळतोच, पण क्रमही महत्त्वाचा. पुढे उभे राहते ते घरचे नाव, आणि फ्रेंच शब्द त्याच्यामागून ओळख करून देत येतो. यांतल्या बूकीचा प्रवास तर थक्क करणारा आहे. गुलामांच्या जहाजांतून ते नाव अटलांटिकपार गेले. जिथे तरस नावाचा प्राणीच नाही त्या हैती आणि लुईझियानाच्या लोककथांत बूकी आजही हावरट आणि मठ्ठ म्हणून फसत असतो, आणि लुईझियानात त्याला फसवणारा ससाच असतो.

पण कौतुकाच्या भरात या पुस्तकाने काय गमावले तेही सांगायला हवे. वोलोफ कथा ही रात्रीची गोष्ट. दिवसा कथा सांगणे निषिद्ध मानतात. सांगणारा आरंभी ‘लेबून’ अशी हाळी देतो आणि ऐकणारे ‘लिप्पून’ म्हणून ओ देतात. मगच कथेचे दार उघडते. मध्ये गाणी येतात, श्रोते साथ देतात, आणि शेवटी सांगणारा कथेला समुद्रात सोडून देतो. तिचा वास पहिल्यांदा ज्याला येईल तो स्वर्गात जाईल असा आशीर्वादही वर असतो. शाळेने ही रात्रीची कथा सकाळच्या तासाला आणली. हाळी गेली, ओ गेली, गाणे गेले. बिरागो द्योप यांच्या ‘ले काँत दामादू कूंबा’ या १९४७ सालच्या संग्रहाशी तुलना केली तर हे नुकसान स्पष्ट होते. व्यवसायाने गुरांचे डॉक्टर असलेल्या द्योप यांच्या फ्रेंचमध्ये कथेकऱ्याचा श्वास ऐकू येतो, मध्येच वोलोफ गाणी उमटतात, सांगणाऱ्याला रमायला आणि भरकटायला मुभा असते. लेउकच्या पुस्तकाला ती मुभा नाही. त्याची वाक्ये शाळेच्या गणवेशात येतात.

तरी एक गोष्ट त्या गणवेशाने साधली. युरोपीय परीकथांची फ्रेंच भाषा एका खास, केवळ लिहिण्यात वापरल्या जाणाऱ्या भूतकाळात चालते. नवशिक्याला तो जड. म्हणून इथला ससा वर्तमानकाळात हलतो: हरीण सांगते, माकड खाजवते, आवाज येतो, ससा पडतो. शिकणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली ही निवड कथेला पुन्हा कथेकऱ्याच्या तोंडाजवळ नेते, कारण तोही प्रसंग डोळ्यांसमोर चाललेला असल्यासारखाच सांगत असतो. आणि धड्याखालचे ते प्रश्न? शिक्षक विचारणार, वर्ग एका सुरात उत्तर देणार. ‘लेबून-लिप्पून’ची जागा त्यांना घेता येणार नाही, पण गोष्ट एकट्याने वाचायची नसून चारचौघांत बोलत पुढे न्यायची असते, एवढी आठवण त्यांनीही ठेवली.

आणखी एक बदल अधिक खोल आहे. तोंडी परंपरेतल्या सशाला चरित्र नसते. कथा सुरू होते तेव्हा तो असतोच. एका रात्री मेला तरी दुसऱ्या रात्री नव्या गोष्टीत हजर. सेंगोर आणि साजी यांनी सुट्या कथा एका धाग्यात ओवून त्याचे सलग आयुष्य केले. आयुष्य म्हटले की जन्म आला, आणि पुस्तक म्हटले की पहिले पान. तेव्हा या सशाला जन्माला घालायचे कसे? त्यांनी दिलेले उत्तर अप्रतिम आहे: तो स्वतःच्या थापेतून जन्मतो. आई नाही, बीळ नाही, तारीख नाही. एक वाक्य आणि एक उडी, एवढ्यावर नायक सिद्ध. तोंडी कथेतला अजन्मा ससा पुस्तकात आला, पण आपला अजन्मेपणा थोडासा राखून आला.

शेवटच्या घोषणेकडे मात्र जरा सावधपणे पाहावे. लेउकची बुद्धी मान्य होते, पण मान्य करणारा सिंह आहे. सभा संपल्यावरही राजा तोच. सशाला पदवी मिळाली, गादी नाही. १९५३ सालच्या आफ्रिकेत हे चित्र किती नेमके होते! फ्रेंच शिकलेल्या आफ्रिकी माणसाला पदव्या मिळत, संसदेत खुर्चीही मिळे. निकाल जाहीर करण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याकडे. सेनेगल स्वतंत्र व्हायला अजून सात वर्षे होती. या मर्यादेवर टीका करणारे म्हणतील की लेउक शेवटी सिंहाच्या शाबासकीवर खूश राहतो. आक्षेप खोटा नाही. पण गोष्ट नीट वाचली तर दिसते की सिंहाच्या शब्दाआधीच निकाल लागलेला आहे. प्राण्यांना कोण हुशार ते कळून चुकले, आणि नंतर राजाला तेच उच्चारावे लागले.

आपल्याकडे पुण्यामुंबईत फ्रेंच शिकणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर पॅरिस ठेवून शिकतो. कॅफे, मेट्रो आणि संग्रहालये या तिघांच्या पलीकडे त्याची फ्रेंच फारशी जात नाही. त्याने ही पानभराची गोष्ट जरूर वाचावी, आणि मोठ्याने वाचावी. नवी भाषा शिकणारा वर्गात नेहमीच सगळ्यांत लहान असतो. पन्नाशीचा माणूसही तिच्यात तान्हे मूल होतो आणि त्याची त्याला लाज वाटते. लेउकला ती लाज माहीत नाही. लहान असणे हीच त्याची चाल, आणि ती खेळायला त्याला जड शब्द लागले नाहीत की लांबलचक वाक्य. शिकणाऱ्याच्या तुटपुंज्या भाषेत एवढे मोठे काम होऊ शकते, हे त्या पुस्तकाने पहिल्याच धड्यात दाखवून दिले.